मुळातच काळी

१० नोव्हेंबर

वहिनी,

वाईट बातमी आधी सांगून टाकते, म्हणजे उरलेलं पत्र तुला निवांत रागावून वाचता येईल. मी येत नाहीये. शनिवारपासून बर्फ पडतोय आणि खाली उतरणारा रस्ता बंद झालाय. शेवटची गाडी शुक्रवारी गेली. तिच्यात मी असायला हवी होते, हे तुझ्याआधी मीच म्हणते. पण ऐन वेळी माझा सहकारी तापाने फणफणला. गाडीत जागा एकच होती, ती त्याला दिली. आता गाडी येईल ती उन्हाळ्यात, जूनच्या सुमारास.

नोव्हेंबरात मी येऊन आईपाशी राहायचं आणि तू तुझ्या शब्दकोशाच्या नोकरीवर रुजू व्हायचं, असं आपलं ठरलं होतं. मी विसरलेले नाही. तू त्यांना जरा थांबायला सांग ना. इतकी वर्षं शब्द थांबलेत, आणखी थोडे थांबतील. तुझ्यासारखी मुद्रितं तपासणारी त्यांना दुसरी कुठे मिळणार आहे? मी अडकलेय, एवढंच.

संशोधन केंद्रावर आता दोघंच उरलो, मी आणि हवामानवाला. तो दिवसातून तीनदा बाहेर जाऊन वारा मोजतो आणि आत येऊन सांगतो, ‘वारा आहे.’ फोन इथे लागत नाही, वायरलेसवर हवामानाखेरीज दुसरं बोलायची परवानगी नाही. पण पत्रं जातील. खालच्या गावातून तारेवरून सामानाचा पाळणा वर येतो. पीठ, रॉकेल, बटाटे आणि टपाल. माणसाने त्यात बसायला सक्त मनाई आहे.

एक मात्र चांगलं झालं. इथल्या रोपांची हिवाळ्यातली मुळं आजवर कोणी खणून पाहिलेली नाहीत. सगळे अभ्यासक फुलं बघून येतात आणि फुलं गेली की जातात. बर्फाखाली मुळांमधली बुरशी काय करते हे मला पहिल्यांदा बघायला मिळणार आहे. हे तुला सांगून उपयोग नाही, पण दुसऱ्या कोणाला सांगू?

आईला सांग. तुझ्या पद्धतीने सांग, माझ्या नको.

तुझी
मी


२ डिसेंबर

वन्सं,

मी तुला वन्सं म्हणते तेव्हा मी चिडलेली असते, हे तुझा दादा तुला सांगून गेला असेलच.

बटाटे ये-जा करतात आणि तुला येता येत नाही. बरं. आईंना मी माझ्या पद्धतीने सांगितलं नाही, तुझं पत्रच वाचून दाखवलं, स्वल्पविरामांसकट. ‘गाडीत जागा एकच होती’ इथे त्यांनी नाकातून हुं केलं. बोलणं अजून तोंडात सुपारी ठेवल्यासारखंच आहे, मला कळतं, इतरांना नाही. व्यायामवाली बाई मला विचारते, काय म्हणाल्या? मग मी त्यांचं भाषांतर करते आणि शिव्या गाळते.

डावी बाजू आहे तशीच. त्या जन्माच्या डावऱ्या, आणि नेमका तोच हात गेला. उजव्या हाताने चमचा धरतात तेव्हा त्या चमच्याकडे असं बघतात की तोच शरमेने वाकावा. समोरच्या इमारतीची भिंत आणि तिच्यावरचा पाण्याचा पाइप, एवढंच त्यांच्या खिडकीतून दिसतं. पाइप गळतो. त्याबद्दल आम्ही रोज बोलतो.

तू बुरशी बघायला डोंगर चढलीस. इथे बाथरूमच्या छतावर फुकट आहे. मी दर आठवड्याला स्टुलावर चढून पुसते आणि ती दर आठवड्याला परत येते. तुझ्या शास्त्रात तिला काय म्हणतात ते कळव, म्हणजे नाव घेऊन शिव्या देता येतील.

शब्दकोशवाल्यांना लिहिलंय. काय लिहिलं ते विचारू नकोस. ‘घरगुती अडचण’ हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा वापरला आणि मला स्वतःचीच लाज वाटली. तुझी अडचण होती, घर माझं निघालं.

स्वेटर घालत जा. राग वेगळा, थंडी वेगळी.

वहिनी


१४ जानेवारी

वहिनी,

तुझं पत्र पिठाच्या पोत्याखाली दबून आलं. हवामानवाल्याने झटकून दिलं तरी वाचताना माझं नाक पांढरं झालं. त्या छतावरच्या बाईला शास्त्रात मोठं नाव आहे, पण तुझ्या शिव्यांना ते पुरणार नाही. व्हिनेगर लावून बघ.

आमच्याकडे व्हिनेगरचा उपयोग निराळा. ऐक. बर्फ पडायच्या आधी मी प्रत्येक रोपाशेजारी लाल काठी रोवून ठेवली होती. आता काठीचं टोक शोधायचं, तिथे फावड्याने माझ्या उंचीएवढा खड्डा करायचा, तळाशी बसून छिन्नी-हातोडीने जमीन फोडायची. मातीचं ढेकूळ घरात आणून कोमट पाण्यात सोडलं की त्यातून दोऱ्याएवढं मूळ सुटतं. ते कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळायचं, धुवायचं, मग व्हिनेगरमध्ये शाई घालून त्यात शिजवायचं. साधी निळी शाई, हीच, जिने मी तुला लिहितेय. मुळाचा रंग उतरतो आणि आतली बुरशी निळी होते. हवामानवाल्याने पहिल्या दिवशी वास घेत घेत झाकण उघडून पाहिलं, आणि त्या दिवसापासून स्वयंपाक तो करतो.

ह्या मुळात दोन भाडेकरू असतात. एक उन्हाळी. ती मुळाच्या पेशीत शिरून इवलंसं झाड करते, खोड, फांद्या, फांद्यांना फांद्या. मातीतलं स्फुरद आणून रोपाला देते, बदल्यात साखर घेते. पण ही झाडं थोडेच दिवस टिकतात, आणि रोपाला फूल येऊन गेल्याशिवाय ती दिसत नाहीत. फूल यायचं तर आधी बर्फ जायला हवा. ओळ ठरलेली आहे, बर्फ जातो, मग पिवळं फूल, मग झाडं. उलटं कधी होत नाही.

दुसरी भाडेकरू बारमाही. तिला शाई लावावी लागत नाही. ती मुळातच काळी. (हा विनोद करायचा नव्हता, लिहून झाल्यावर दिसला.) पुस्तकांत तिच्याबद्दल चार ओळी असतात, कारण उन्हाळ्यात सगळे झाडं बघण्यात गुंग. पण आत्ता, वहिनी, सगळं मूळ तिचं आहे. वरून बघशील तर रोप मेलेलं, पान नाही, खोड नाही, जमीन दगड. आणि आत ती जागी.

मला इथे फार बरं वाटतं, असं लिहिणार होते. पण तू काय म्हणशील ते मला माहीत आहे.

मी


२० फेब्रुवारी

वन्सं,

व्हिनेगर लावलं. बुरशी गेली, छताचा रंगही गेला. आता तिथे पांढरा डाग आहे आणि मी त्याच्याकडे बघत अंघोळ करते.

आईंना तुझं पत्र आवडलं. दोनदा वाचायला लावलं. मग एक प्रश्न विचारला, तो कळायला मलाही तीनदा ऐकावा लागला. ‘ती काळी, झाडाचं खाते की झाडाला देते?’ मी म्हटलं, विचारून सांगते. तर विचारते आहे.

त्यांनी पेन्सिल मागून घेतलीय. उजव्या हाताने कागदावर रेघा ओढत बसतात. व्यायामवाली खूश आहे. मला दाखवत नाहीत, कागद उशीखाली जातात. शाळेत असताना डाव्या हाताने लिहितात म्हणून छड्या खाल्ल्या होत्या, तरी बदलल्या नाहीत, हे त्यांनी मला लग्नानंतर पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. तेव्हा मला वाटलं होतं, सासूबाई धमकी देतायत.

माझं सांगू? दुपारी शेजारीण तासभर येऊन बसते, तेवढ्यात बाजार, औषधं, वीजबिल. परवा औषधं घेतली आणि घरी न वळता दोन चौक सरळ चालत गेले. एका दुकानाच्या काचेत कढया मांडल्या होत्या, त्या बघत उभी राहिले. मला कढई नको होती. परत आले तर शेजारीण म्हणाली, उशीर झाला. मी म्हटलं, रांग होती. बाई गं, काय सराईतपणे थाप मारली मी. आणि ती म्हणाली, ‘सून असावी तर तुझ्यासारखी.’ अडीच वर्षं हे वाक्य ऐकतेय. तुझा दादा गेला, चार महिन्यांत आईंना झटका आला, तेव्हापासून जो येतो तो हेच म्हणून चहा पिऊन जातो. कोणी मला बेडी घालून ठेवली असती तर मी ती तोडली असती. हे वाक्य कसं तोडायचं ते मला कळत नाही. आणि आईंवर माझा राग नाही, हीच खरी पंचाईत. असता तर सोपं होतं.

शब्दकोशवाल्यांचं उत्तर आलं. १५ जुलैला हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. मी हो कळवलंय. तू जूनमध्ये येणार ह्या भरवशावर.

नमुना म्हणून त्यांनी ‘अ’मधली काही पानं तपासायला पाठवली. माझ्या वाट्याला ‘अडकणे’ आलं. अकर्मक. खाली पोटात ‘अडकून पडणे’ आणि ‘अडकून राहणे’, दोन्हींचा अर्थ एकच दिलेला. मी समासात लिहिलं, अर्थ एक नाही. पडणं आपल्या हातात नसतं, राहणं थोडंफार असतं. बरोबर ना?

वहिनी


११ एप्रिल

वहिनी,

बरोबर आहे. मी अडकून पडलेय.

आईला उत्तर. तिला सांग, तिने नेमका तोच प्रश्न विचारलाय ज्यावर माझ्या क्षेत्रातली माणसं एकमेकांशी बोलेनाशी झालीत. काही म्हणतात, काळी फुकट राहते, खाते, भाडं देत नाही. काही म्हणतात, तिचं काही देणं-घेणं नाही, नुसती असते. मी ह्या हिवाळ्यात जे पाहिलं त्यावरून मला वाटतं की देते. बर्फ वितळायला लागतो, त्या पहिल्या पाण्याबरोबर नत्र जमिनीत उतरतं. त्या वेळी रोपाला पान नसतं आणि उन्हाळी भाडेकरूचा पत्ता नसतो. तेव्हा ते नत्र रोपाला कोण आणून देतं? मुळात तेव्हा एकच बाई असते. तिने हात आखडला तर फूलच यायचं नाही. पण हे सिद्ध करायला मला बर्फ जाताना इथे असायला हवं, आणि फूल आल्यावरही, नाहीतर अर्धी गोष्ट हातात राहील. आईला सांग, खाते थोडं, देते जास्त. मला तरी असं वाटतं.

बर्फ यंदा फार आहे. हवामानवाला म्हणतो, त्याने असा पाहिला नाही. त्याचं हे दुसरंच वर्ष आहे हे तो सांगत नाही. रस्त्याचं नक्की काही कळत नाही. जून म्हटलं होतं मी, पण डोंगराला कॅलेंडर वाचता येत नाही. तू काळजी करू नकोस. पंधरा जुलैला अजून पुष्कळ वेळ आहे.

तू पाठवलेले मोजे मिळाले. बटाट्यांच्या खाली होते.

मी


१२ जून

अगं, काही कळव. दोन महिने झाले.

खालच्या गावच्या टपाल कचेरीत फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, पाळणा चालू आहे. रस्ता? रस्त्याचं त्याला माहीत नाही, तो वर जात नाही, त्याला गुडघे आहेत.

माझी बॅग भरलेली आहे. पलंगाखाली ठेवलीय, पण आईंना सगळं कळतं. काल म्हणाल्या, बॅग बाहेर काढ, खाली कुबट वास लागेल. आता ती खुर्चीवर असते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला मी सांगते की जुने कपडे द्यायचेत.

शब्दकोशवाल्यांच्या शहरात भाड्याची खोली बघितलीय. खिडकीखाली छापखाना आहे म्हणे, दिवसभर आवाज. मला तो आवाज हवाय. किती दिवसांत मला काही हवंय असं वाटलं नव्हतं.

ये गं.

वहिनी


२ जुलै

वहिनी,

रागावू नकोस, लिहायला सुचत नव्हतं. तुला काय लिहू, इथे काही बदलत नाही. खिडकीच्या चौकटीपर्यंत बर्फ आहे. रस्त्याचं नाव कोणी काढत नाही. माझे वाफे तसेच पांढरे, काठ्यांची लाल टोकं तेवढी वर. १५ तारखेपर्यंत उतरता येईल असं वाटत नाही. तू त्यांना आणखी एकदा लिहून बघशील का? एक महिना म्हण. तुझं काम बघितल्यावर ते नाही म्हणणार नाहीत. माझा अगदी नाइलाज आहे, तुला माहीतच आहे.

तुझ्या खोलीबद्दल वाचून मला रडू आलं. खरंच आलं.

पण एक सांगू का, सांगितल्याशिवाय राहवत नाही. काल संध्याकाळी मी नेहमीसारखं मूळ शिजवून काचेखाली ठेवलं आणि वहिनी, झाडं. एक नाही, ओळीने, पेशीमागून पेशी, निळीशार, फांद्या इतक्या बारीक की श्वास सोडला तर मोडतील असं वाटावं. आणि त्यांच्या बाजूने ती काळी, तिच्या जागेवर, हिवाळाभर होती तशी. नोव्हेंबरपासून मी तिचा माग ठेवलाय. आता सगळी गोष्ट माझ्या हातात आहे, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी हवामानवाल्याला हाक मारली. त्याने एक डोळा मिटून बघितलं, म्हणाला, छान आहे, आणि वारा मोजायला गेला. मला वाटलं, तू असायला हवी होतीस. तुला कळलं असतं.

आईला सांग झाडांचं.

मी


८ जुलै

वन्सं,

आईंना सांगितलं झाडांचं. वाचत होते, वाचता वाचता थांबले. आई म्हणाल्या, पुढे? मी म्हटलं, पुढे काही नाही.

मला कळलं असतं म्हणतेस. कळलं ना.

बर्फ जातो, मग पिवळं फूल, मग झाडं. उलटं कधी होत नाही. हे चौदा जानेवारीचं तुझं वाक्य आहे, माझं नाही. आणि आता तुझ्या वाफ्यांवर बर्फ आहे आणि त्याच वाफ्यातल्या मुळात झाडं आहेत. मी मुद्रितं तपासते गं. तेराव्या पानावर मेलेला माणूस चाळिसाव्या पानावर जेवायला बसला तर मला दिसतो. लेखक अशी चूक कधी करतात माहीत आहे? जेव्हा त्यांना मागच्या पानापेक्षा पुढचं पान जास्त आवडायला लागतं.

मग मी जुनी पत्रं काढली. काठ्या तू बर्फ पडायच्या आधी रोवल्या होत्यास. प्रत्येक रोपाशेजारी. शुक्रवारी जो माणूस अचानक अडकतो त्याच्या काठ्या आधी रोवलेल्या नसतात. म्हणजे नोव्हेंबरातही तू अडकून पडली नव्हतीस. तू अडकून राहिलीस.

तू खोटं बोललीस ह्याचं मला तेवढं वाईट वाटत नाही, मीही कढया बघून रांगेची थाप मारलीय. मला ह्याचं वाईट वाटतं की तुला पूर्ण खात्री होती. आईंना एकटं टाकून ही जाणार नाही, पंधरा काय आणि पंचवीस काय, ही कुठे जाते? ह्या खात्रीवर तू तिथे बसून होतीस. ‘सून असावी तर अशी’ म्हणणाऱ्यांत मी तुला धरलं नव्हतं. तू तर त्यांची पुढारी निघालीस. आणि त्या तुझ्या आई आहेत, बाई. माझी आई नाही. मी हे आजवर कधी तोंडातून काढलं नाही, आज लिहिते.

बॅग परत पलंगाखाली ठेवलीय. वास लागला तर लागू दे.

वहिनी


१२ जुलै

वहिनी,

रस्ता पाच जूनला उघडला. माझ्या खोलीच्या खिडकीतून दिसतो.

गाड्या येतात-जातात. तुला मागचं पत्र मी मुद्दाम पाळण्यातून पाठवलं, गाडीने दिलं असतं तर दोन दिवसांत पोचलं असतं आणि तुला संशय आला असता. हे पत्र गाडीने जातंय. नोव्हेंबरच्या गाडीत जागा दोन होत्या. सहकाऱ्याला ताप खरंच होता, तेवढंच खरं.

कारण काम, असं मी स्वतःला सांगत होते. काम आहेच. पण जून संपता संपता माझं बरंचसं काम झालं होतं आणि मी रोज नवीन काढत होते. खरं कारण हे की मला त्या घराची भीती वाटते. आईची नाही, घराची. मला माहीत आहे, मी एकदा आत आले की तुम्ही सगळे सुटकेचा श्वास टाकाल, आणि मग कोणी माझ्याकडे बघणार नाही. लग्न नाही, मूल नाही, हिला काय काम आहे, बुरशीच तर बघायची असते. मी त्या खिडकीशी बसेन आणि पाइप गळताना बघेन आणि मी त्यातून कधीच बाहेर येणार नाही. तू कशी अडकलीस ते मी बघितलंय. बघून मी पळाले. तुला त्यात ठेवून.

वीस जूनला मी गाडीत बसले होते. बॅगेसकट. पहिल्या वळणावर ड्रायव्हरला म्हटलं, थांब, काहीतरी विसरले. उतरले आणि चालत परत आले. त्याने विचारलंही नाही काय विसरलं.

‘मी येते’ असं वर लिहून मी दोनदा खोडलं, तुला दिसत असेल. लिहिलं की खोटं वाटतं. आता इथे बसणंही जमत नाही, सगळं मूळ बघून झालं, आणि जिकडे बघावं तिकडे तुझं पत्र. पंधरा तारीख तीन दिवसांवर आहे. मी आत्ता निघाले तरी पोचेन, आणि मी हे लिहीत बसलेय.

मला माफ करू नकोस.

मी


१९ जुलै

चिरंजीव,

अक्षर बघून घाबरू नकोस, मीच आहे. उजवा हात. शाळेत छड्या मारून जमलं नाही ते आता पलंगावर पडून जमवलं. पाच महिने लागले. वेलांट्या चुकल्या तर राहू दे, तपासायला घरात कोणी नाही.

तुझं पत्र मी फोडलं. तिच्या नावाचं होतं. ती इथे नाही.

तिने तुझं झाडांचं पत्र वाचायचं मधेच थांबवलं, तेव्हाच मला कळलं. बर्फाची ओळ मीही ऐकली होती, दोनदा वाचून घेतली होती. तिने बॅग पलंगाखाली सरकवली ती माझ्याच पाठीखाली, मला आवाज आला. चौदा तारखेला सकाळी तिला जवळ बोलावलं आणि उशीखालचा कागद दिला. त्यावर एकच शब्द लिहिला होता, जा. ती रडायला लागली. मग म्हणाली, आई, काना वाकडा आहे. मी सरळ करून दिला. तरी जाईना. मग मी बोलले, जेवढं बोलता येतं तेवढं. तिने आजवर माझं सगळं भाषांतर केलं, त्याचं करता आलं नाही तिला. दुपारच्या गाडीने गेली. पंधराला हजर झाली, शेजारणीकडे फोन आला होता. छापखान्याचा आवाज फार मोठा आहे म्हणे. खुशीत होती.

माझी काळजी नको. सकाळी एक बाई येते, रात्री दुसरी, मधे शेजारीण. सगळ्या म्हणतात, सून अशी कशी गेली. मी कागदावर लिहून दाखवते, मी हाकलली.

आता तुझं. फेब्रुवारीत मी विचारलं होतं, ती काळी खाते की देते. तू एवढं मोठं उत्तर लिहिलंस. चांगलं लिहिलंस. पण तुम्हा दोघींनाही वाटलं, म्हातारी बुरशीचं विचारतेय.

नोव्हेंबरपासून तुमची पत्रं ऐकतेय. तू अडकलीस, ती अडकली, तू तिला अडकवलंस, तिने तुला पकडलं. कोण सुटणार ह्यावर तुमचं भांडण. ह्या खोलीतून मी जवळजवळ तीन वर्षांत बाहेर गेले नाही. तुम्हा दोघींपैकी एकीनेही मला विचारलं नाही, आई, तुला कंटाळा आला का?

तर इथे राहायला येऊ नकोस. तुला त्या खिडकीशी बसायचं नाही, मलाही नाही. मला न्यायला ये. जिना तीन मजले आहे म्हणून तुमचं सगळं अडलं होतं ना? खालचा सुतार आणि त्याचे दोन भाऊ मला खुर्चीसकट उतरवतात म्हणाले. शेजारणीने विचारलं, लगेच हो म्हणाले. वर तुझ्याकडे किती दिवस राहायचं, थंडी पडल्यावर कुठे जायचं, ते आपण भांडून ठरवू. भांडायला मला आता पेन्सिल आहे.

पिवळं फूल बघायचंय. ते गेलं असेल तर झाडं दाखव. तीही गेली असतील तर ती काळी दाखव, ती असतेच म्हणतेस.

गाडीची मागची सीट पूर्ण मोकळी ठेव. मला पाय लांब करावा लागतो.

आई